कृष्णाच्या नावावरचा फोटो

फोटो काढायच्या दिवशी कारभारीने धाकट्या भावाचा, कृष्णाचा, कारखान्यातला निळा शर्ट अंगात घातला. शर्ट खांद्यात तंग होत होता. वरची गुंडी लागेना, म्हणून त्याने ती तशीच सोडली. तोंडाला मास्क लावला, टोपी कपाळापर्यंत ओढली आणि भावापुढे उभा राहिला.

"बघ. कोण म्हणंल मी तू नाय?"

कृष्णा बाजेवर बसला होता. त्याला हसू आलं आणि हसता हसता ढास लागली. ढास थांबल्यावर डोळे पुसत तो म्हणाला, "कानावरचे केस पांढरे दिसतात, दादा."

"तिथं काय मला लग्नाला उभं करायचंय? आडवं पडायचं, फोटो काढायचा, घरी यायचं."

"मला नाय बरं वाटत हे."

"तुला काय बरं वाटतं ते मला नको सांगू. वावर वाचवायचं का नाय, ते सांग."

कारभारी त्या नोकरीला वावरच म्हणायचा. शेंद्र्याची त्यांची बरीचशी जमीन औद्योगिक वसाहतीत गेली. पुढे कारखाने उभे राहिले आणि जमीन गेलेल्या काही घरांतल्या एकेकाला काम मिळालं. त्यांच्या घरात पाळी थोरल्याची, म्हणजे कारभारीची होती. पण कृष्णा दहावी पास होता. कारभारीला सहीपुरती अक्षरं येत होती. त्याने पाळी भावाला दिली आणि आपण उरलेला तुकडा कसत, म्हशी राखत राहिला. कृष्णा ओतकामाच्या कारखान्यात लागला. लोखंड ओतून थंड झालं की त्याच्याभोवतीचा रेतीचा साचा फोडायचा आणि माल झाडून साफ करायचा, हे त्याचं काम. ती रेती फुटली की पिठासारखी उडायची. संध्याकाळी कृष्णा घरी आला की त्याच्या भुवयांवर ती बसलेली दिसे. पंधराएक वर्षं अशी गेली.

मग कारखान्यात तपासणी झाली. ज्यांच्या छातीच्या साध्या फोटोत छाया दिसली, त्यांना शहरात गारखेड्याला मोठ्या मशिनीत, सीटी स्कॅनला, पाठवायचं ठरलं. कृष्णाचं नाव त्यात होतं. गेटवर बोललं जाई की ज्याच्या फोटोत डाग निघेल त्याला घरी बसवणार. खरं-खोटं कोणी विचारलं नाही. कारभारीनेही नाही. त्याने रात्रभर विचार केला आणि सकाळी सांगून टाकलं की मी जातो.

"एका आईच्या पोटचे आपण," तो म्हणाला होता. "छाती तुझी काय अन् माझी काय. माझी जरा धुतलेली हाय, एवढंच."

कारखान्याच्या गाडीत मोतीराम सुपरवायझर डोकी मोजत होता, तीही फोनवर बोलता बोलता. गाडीत सगळ्यांच्याच तोंडाला मास्क होते. तिथे कारखान्याची चिठ्ठी दाखवली की झालं. मशीन म्हणजे मोठं गोल कडं होतं आणि त्यात सरकणारी फळी. कारभारी आडवा झाला. कुठूनतरी आवाज आला, "मोठा श्वास घ्या. रोखा." तरुणपणी तो विहिरीतला गाळ काढायला बुडी मारायचा. त्याने छाती भरून घेतली आणि धरून ठेवली. बाहेर आल्यावर मशिनीवरचा पोरगा म्हणाला, "काय दम आहे काका! सकाळपासून सगळे मध्येच खोकतात."

कारभारीला त्या वेळी फार बरं वाटलं. पुढे त्याला सगळ्यात जास्त लाज याच गोष्टीची वाटली.

रिपोर्ट आला. दोन्ही फुप्फुसं निर्मळ. वर नाव कृष्णाचं. त्या जोरावर कृष्णा रेतीत कामाला जातच राहिला.

घरात ही गोष्ट दोघा भावांनाच ठाऊक होती. कृष्णाची बायको पारूबाई हिला सांगायचं नाही, असं कारभारीनेच ठरवलं. विहिरीवर एकीला कळलं तर कारखान्याच्या गेटपर्यंत जायला वेळ लागत नाही, असं त्याचं म्हणणं. पारूबाईने मात्र रिपोर्ट आल्याच्या दिवशी देवापुढे नारळ फोडला, शेजारी वाटला आणि रिपोर्टाची पिशवी कपाटात लुगड्यांखाली जपून ठेवली. इतके दिवस ती नवऱ्याच्या खोकल्याने धास्तावलेली होती. आता तिची धास्ती गेली आणि त्या जागी राग आला.

"फोटो निर्मळ, तरी यांची ढास काय सरंना," ती म्हणायची. "पारावर गप्पा हाणताना बरी छाती मोकळी असती. कामाचं नाव निघालं की भरून येती."

"व्हय गं बाई, नाटकच हाय माझं," कृष्णा म्हणायचा. "पुढच्या जत्रेला तिकीट लावू."

"लावा. पहिल्या रांगेत मीच बसते."

शेजारच्या बाया हसायच्या. कृष्णाही हसायचा, हंडा उचलायचा आणि नळाकडे जाताना मध्येच भिंतीला हात लावून उभा राहायचा. कारभारी गोठ्यातून हे पाहायचा. एक शब्द बोलला असता तर पारूबाईची जीभ थांबली असती. तो म्हशीच्या पोटाला डोकं लावायचा आणि धारा काढत राहायचा.

त्याहून वाईट गोष्ट हळूहळू घडली. कारभारीलाच तो रिपोर्ट खरा वाटू लागला. माणूस रोज एक गोष्ट ऐकतो तेव्हा ती त्याच्या अंगात भिनते. घरात रोज म्हटलं जात होतं की कृष्णाची छाती साफ आहे. एकदा औषध मारायचा पंप पाठीवर घेताना कृष्णाला धाप लागली, तेव्हा कारभारी बोलून गेला, "अरे, तू बिडी सोड. छाती तर साफ निघाली, मग हे कशाचं?"

कृष्णाने बिडी कधीच सोडली होती. त्याने पंप खाली ठेवला आणि भावाच्या तोंडाकडे बघत राहिला.

"दादा," तो म्हणाला, "साफ कुणाची निघाली?"

कारभारीच्या कानशिलात मारल्यासारखं झालं. त्याने पंप आपल्या पाठीवर घेतला. त्या दिवसानंतर ढास ऐकू आली की तो उठून दुसरीकडे जायचा.

पावसाळा संपला. खुलताबादला भाचीच्या साखरपुड्याला सगळे गेले होते. गाडी खाली लावून चढाने वर जायचं होतं. अर्ध्या चढावर कृष्णा एका दुकानाच्या पायरीवर बसला. पारूबाई मागे वळून म्हणाली, "बसले! चला आता, मुलाकडचे खोळंबलेत." कृष्णाने हात वर केला. त्याचे ओठ जांभळासारखे निळे झाले होते. साखरपुडा राहिला बाजूला, त्याच गाडीत घालून त्याला शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नेलं.

तिथे पुन्हा मोठ्या मशिनीतला फोटो निघाला. या वेळी कृष्णाचाच.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीण बाईंनी तिघांना आत बोलावलं. डॉक्टर तनुजा साळवे. वयाने तरुण, बोलायला साध्या. कृष्णाच्या नाकाला ऑक्सिजनची नळी होती, त्याला चाकाच्या खुर्चीत बसवून आणलं होतं. पारूबाईने कपाटातली पिशवी गावाहून मागवली होती. त्यात जुन्या फोटोची तबकडी होती. बाईंनी ती संगणकात घातली आणि पडद्यावर दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावले.

"हा आठ महिन्यांपूर्वीचा. हा कालचा," त्या म्हणाल्या. "मशीन छातीच्या चकत्या चकत्या करून फोटो काढते, काकडीच्या करतो तशा. मग संगणक प्रत्येक चकतीत शोधतो, फुप्फुस कुठून कुठपर्यंत आहे. हाडं, मांस, काळीज सगळं वगळतो आणि नुसती फुप्फुसं बाहेर काढतो. आपोआप. पूर्वी हातानं रेघा ओढाव्या लागायच्या."

पडद्यावर उजवं फुप्फुस निळं, डावं हिरवं दिसत होतं. पहिल्या फोटोतली दोन्ही भरलेली होती, फुगलेल्या पखालीसारखी. कारभारीने आपली छाती आतून पहिल्यांदाच पाहिली. खाली भावाचं नाव होतं. त्याने मान वळवली.

दुसऱ्या फोटोत वरचा भाग कुरतडल्यासारखा होता.

"इथलं कुठं गेलं?" पारूबाईने विचारलं.

"गेलं नाही. तिथंच आहे. पण ते कडक झालंय. फुप्फुसात हवा असते म्हणून ते फोटोत काळं दिसतं, आणि काळं दिसतं म्हणून संगणक त्याला ओळखतो. कडक झालेला भाग पांढरा दिसतो. संगणकाला वाटतं हे मांस आहे, आणि तो ते बाहेर टाकतो."

"म्हंजी त्याच्या लेखी ते यांचं नायच?"

"त्याच्या लेखी नाही. मग माणसानं हातानं रेघ ओढून आत घ्यायचं." बाईंनी तशी रेघ ओढूनही दाखवली.

तेवढ्यात पडद्यावर वरती लाल पट्टी उमटली. बाईंनी ती वाचली. "हं. संगणक म्हणतोय, दोन्ही फोटो एकमेकांवर बसत नाहीत. तपासा."

कारभारीला भीती वाटली नाही. त्याला सुटल्यासारखं वाटलं. आता हे यंत्रच सांगून टाकेल, मला तोंड उघडावं लागणार नाही, असं त्याच्या मनात आलं. सांग बाबा, तो मनातल्या मनात त्या पडद्याला म्हणत होता, सांगून टाक.

"एवढा भाग बाहेर टाकल्यावर बसतील कसे?" डॉक्टरीण बाई म्हणाल्या. "अशा रोग्यांत तो चुकतो नेहमी." आणि त्यांनी ती पट्टी बंद केली.

मग त्या कृष्णाकडे वळल्या. "तुम्ही रेतीत काम करता. मला आधी धुळीचाच आजार वाटला होता. पण धूळ सावकाश खाते, वर्षानुवर्षं. तुमची छाती आठ महिन्यांपूर्वी पूर्ण साफ होती. साफ छाती एवढ्यात अशी झाली, म्हणजे हे धुळीचं नाही. काहीतरी झपाट्यानं वाढणारं आहे. कॅन्सरही असू शकतो. छाती उघडून तुकडा काढून तपासावा लागेल. गुरुवारी करू."

"धोका हाय का?" पारूबाईने विचारलं.

"अशा फुप्फुसाला भूल देणं धोक्याचंच असतं. खोटं नाही सांगत. पण आजार काय आहे हे कळल्याशिवाय औषध कशाचं देऊ?"

पारूबाई चहा आणायला गेली. खोलीबाहेर भिंतीकडेला दोघे भाऊ राहिले. कृष्णा नळीतून हवा ओढत होता. कारभारी पुढे वाकला.

"मी सांगतो त्यांना."

"नाय सांगायचं."

"किसन्या, तुझी छाती फाडत्याल."

"फाडू दे. शिवत्याल बी." कृष्णाला एका वाक्याला दोनदा थांबावं लागत होतं. "तू बोललास की दुसऱ्या दिवशी मला काढत्याल. खोटा माणूस झोपवला म्हणून. वावर जाईल, दादा. तूच म्हणायचास."

"जाऊ दे वावर."

"आता जाऊ दे? तवा काय म्हणत होतास?"

कृष्णाने डोळे मिटले आणि तसाच, डोळे न उघडता बोलला.

"धूळ मी खाल्ली. मला पगार मिळत होता तिचा. त्याचं मी तुला काय म्हणत नाय. पण घरी ती मला बोलायची, बाया हसायच्या, अन् तू उठून जायचास. मला वाटायचं, दादा तरी एकदा म्हणंल, गप बसा, त्याला खरंच व्हतंय. एकदा तरी."

पारूबाई चहाचे कप घेऊन आली. एक कारभारीला दिला.

"भाऊजी, मी लई टोचून बोलले यांना," ती म्हणाली. "पण फोटोच तसा होता ना? तुम्ही बी ऐकलं होतं. निर्मळ म्हणून लिहिलं होतं ना?"

कारभारीने कप बाकावर ठेवला आणि डॉक्टरीण बाईंच्या खोलीचं दार ढकललं. आत दुसरा रोगी बसला होता.

"मॅडम, तो संगणक चुकला नव्हता," तो म्हणाला. "पहिला फोटो माझा हाय."

बाईंना आधी कळलंच नाही. त्यांनी आतल्या रोग्याला बाहेर बसायला सांगितलं. कारभारीने उभ्या उभ्या सगळं सांगितलं. शर्ट, टोपी, मोतीरामची डोकी मोजणं, सगळं. आवाज बाहेर गेला असावा. पारूबाई खुर्ची ढकलत कृष्णाला दारात घेऊन आली.

"मॅडम, याचं ऐकू नका," कृष्णा म्हणाला. "ऑपरेशनला घाबरलाय तो. माझाच फोटो हाय."

"किसन्या!"

"माझाच हाय. माझं नाव हाय त्यावर."

डॉक्टरीण बाई एकाकडून दुसऱ्याकडे बघत राहिल्या. "धुळीचा आजार म्हणून सोडून दिलं आणि निघाला कॅन्सर, तर हा माणूस जाईल," त्या म्हणाल्या. "आणि कॅन्सर म्हणून कापलं आणि निघाली धूळ, तरी जाऊ शकतो. तुमच्यातलं कोण खरं बोलतंय, ते मला तुमच्या तोंडून नको. काका, विनाकारण मी कोणाला मशिनीत झोपवत नाही. पण तुम्ही चला."

कारभारी आपल्या नावाने त्या कड्यात गेला. त्याचं खरं नाव, खरं वय लिहिलं गेलं. थोड्या वेळाने सगळे पुन्हा पडद्यापुढे होते. संगणकाने नवी फुप्फुसं छातीतून वेगळी काढली, निळं आणि हिरवं. बाईंनी आठ महिन्यांपूर्वीचा फोटो त्यावर ठेवला. कडेला कड बसली. वर, खाली, काळजाच्या खोबणीपाशी, सगळीकडे. दोन रेघा होत्या त्यांची एकच दिसू लागली.

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "ती पट्टी मीच बंद केली," त्या म्हणाल्या, आपल्याशीच बोलल्यासारख्या. मग फोन उचलून त्यांनी गुरुवारचं ऑपरेशन थांबवायला सांगितलं.

पारूबाई पडद्याकडे बघत नव्हती. ती नवऱ्याच्या खुर्चीपाशी खाली बसली होती.

"म्हंजी ढास खरी होती?"

"व्हय," कृष्णा म्हणाला.

तिने पदर तोंडाला लावला. कारभारीला वाटलं आता ती आपल्याला बोलेल, चारचौघांत शिव्या देईल. त्याने त्या ऐकायची तयारी केली. पण तिने त्याच्याकडे वळूनही पाहिलं नाही. उठली आणि खुर्ची फिरवून नवऱ्याला वॉर्डाकडे घेऊन गेली.

कारभारी मागे राहिला. बाईंनी त्याला बसायला सांगितलं.

"धुळीचाच आहे," त्या म्हणाल्या. "गेलेलं फुप्फुस परत येत नाही. पण रेतीत पुन्हा पाय टाकायचा नाही, घरी ऑक्सिजन ठेवायचा, मग बरीच वर्षं काढतील. मी खरं ते लिहून देणार आहे, काका. जुना फोटो दुसऱ्याचा होता, हेसुद्धा. कारखाना काय करील ते मला माहीत नाही."

"लिहा, मॅडम. माझं नाव बी लिहा. कारखान्यात मीच घेऊन जातो तो कागद."

तो उठला नाही. पडद्यावर अजून त्याची निळी-हिरवी फुप्फुसं होती.

"एक ईचारू का? हा संगणक मोजतो ना?"

"मोजतो. किती लिटर हवा मावते, किती भाग कडक झालाय, सगळं."

"मग एवढं मोजून सांगा. किसन्याचं ह्या आठ महिन्यांत किती गेलं? तवाच खरा फोटो निघाला असता, तर तो तवाच रेतीतून बाहेर पडला असता. त्याच्या पुढं गेलं ते माझं. तेवढं सांगा."

"कशाला हवंय?"

"माझ्या वाट्याचं किती ते कळू द्या."

बाईंनी पडद्याकडे बोट केलं. "मोजायला दोन फोटो लागतात, काका. एक तेव्हाचा आणि एक आताचा. त्यांचा तेव्हाचा ह्या मशिनीतला फोटोच नाही. तिथं तुमचा आहे."

"अदमासानं?"

"थोडं गेलं असेल. बरंच गेलं असेल. कोणाला नाही सांगता येणार. मला नाही, यालाही नाही."

"मग मी किती धरू?"

बाई कागद पुढे ओढून लिहू लागल्या. दाराबाहेर उठून गेलेला रोगी आत डोकावून पाहत होता. कारभारी हात मांडीवर ठेवून बसून राहिला, कागद पुरा होईपर्यंत.